जोडावरचा अंगठा

पाइप सुटला तेव्हा आपला अंगठा अजून जोडावरच होता, असं अभिमनला नंतर वाटत राहिलं. पण तसं नव्हतं. अंगठा उचलून, उभं राहून, हात वर करून त्याला चांगली दहा मिनिटं झाली होती. धुळ्यात देवपूरच्या एका रस्त्यावर जुनं काँक्रीट फोडायचं काम चाललं होतं. जानेवारीतली सकाळ, ऊन अजून पोरकट, हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकरचा आवाज नुकता सुराला लागलेला, आणि हवेचा पाइप मधल्या जोडातून एकाएकी निसटला. निसटला तो उभाच राहिला, वळला, पत्र्याच्या आडोशाला एक फटका देऊन परत फिरला, आणि प्रमिलाबाई रोज जिथे बसून घमेलं भरायची तिथलं ते घमेलं त्याने खडीसकट दहा हात लांब उडवलं. प्रमिलाबाई तिथे नव्हती. पदर मागच्या सळईत अडकला म्हणून ती उठून दोन पावलं मागे गेली होती. तोतारामने कॉम्प्रेसरची चावी बंद केली, पाइप मुकाट्याने आडवा झाला, आणि सगळे जण आपापल्या जागी उभे राहिले. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. प्रमिलाबाई तेवढी सळईतून पदर सोडवता सोडवता म्हणाली, "पदर नही अटकता तं आज मी नही राहती, आबा." म्हणाली ती अगदी साध्या आवाजात, भाजी महागली म्हणावं तशी. अभिमनने मान हलवली आणि तो सुटलेल्या जोडाकडे गेला.

जोड पितळी रंगाचा, मुठीएवढा. पाइपाचं एक तोंड दुसऱ्यात घालून पिळायचं, आकडे एकमेकांत बसतात, मग दोन्हींतून आरपार जाणाऱ्या भोकात एक बोटाच्या पेराएवढी पिन घालायची. पिन नसली तरी जोड बसल्यासारखा दिसतो. हवा सोडली तरी काही वेळ बसून राहतो. मग ब्रेकरच्या हादऱ्यांनी तो केसाकेसाने फिरत जातो आणि त्याला हवं तेव्हा सुटतो. जोड बसवायचे आणि पिना घालायच्या हे तोतारामचं काम; कॉम्प्रेसर आणि पाइप त्याच्या ताब्यात. त्यानंतर अभिमनने पहिल्या जोडापासून चौथ्यापर्यंत चालत जायचं, प्रत्येक जोडाच्या भोकावर अंगठा फिरवायचा, शेवटच्या जोडाशी हात वर करून "हां" म्हणायचं, आणि त्या हांवर तोतारामने हवा सोडायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. दीपनगरला वीजकेंद्राच्या पायाचं काम होतं तेव्हापासून. तिथे रुपचंद मिस्त्री नावाचा एक वल्ली होता, त्याने दोघांना हाताखाली घेतलं होतं. राखेने आणि सिमेंटच्या धुराळ्याने तिथे दुपारीसुद्धा समोरचा माणूस धड दिसायचा नाही. रुपचंद म्हणायचा, इथे डोळे मिटून घेतले तरी चालतील, अंगठ्याने पाहा. आणि तो खरोखरच पाहायचा. जोडावरून अंगठा नेताना तो आकाशाकडे नाहीतर भलतीकडेच बघत असे, जणू या कामाशी त्याचा संबंध नाही. ती ऐटसुद्धा अभिमनने त्याच्याकडून उचलली. धुळ्याच्या उघड्या रस्त्यावर, स्वच्छ उन्हात, भोकात पिन आहे की नाही हे चार फुटांवरून दिसत असतानाही अभिमन अंगठा फिरवायचा आणि नजर मात्र समोरच्या दुकानाच्या पाटीवर ठेवायचा. त्याचे डोळे धडधाकट होते. ते कामाला लावावेत हे त्याच्या डोक्यातच येत नसे.

दुपारी जळगावहून पारसशेठ आला. पारस हा या कॉम्प्रेसरांचा मालक. आजोबांचं लोखंडाचं दुकान होतं, वडिलांनी ते वाढवलं, नातवाने यंत्रं घेतली आणि कंत्राटं धरली. चाळिशीचा, हळू बोलणारा, माणसांवर न ओरडणारा. त्याने पोचा आलेला पत्रा पाहिला, जोड हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "याची पिन कुठे आहे?"

तोतारामने शर्टाच्या खिशात हात घातला. पिन खिशात होती. ती हातावर घेऊन तो तिच्याकडे पाहत राहिला.

"अभिमन आबा, सकाळी तुम्ही स्वतः तपासलं होतं ना?"

"तपासलं होतं शेठ."

"चारही?"

"चारही."

हे खरं होतं. या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि अभिमनने ते नेहमीच्या सवयीने, विचार न करता उच्चारलं. ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचा अर्थ काय होतो हे त्याच्या लक्षात आलं. पारसशेठच्याही आलं. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा पिन होती. तपासून झाल्यावर कुणीतरी काढली." आणि त्याने तोतारामकडे पाहिलं. तोताराम अजून हातातल्या पिनेकडेच बघत होता. सत्तावन्न वर्षांचा, ओठावर पांढरी मिशी, कानात कापूस. तो काही तरी आठवायचा प्रयत्न करतोय हे कुणालाही दिसलं असतं. शेवटी तो म्हणाला, "अभिमन हां म्हणना म्हणजे पिन व्हती शेठ. मंग मीच काढी व्हई. माले काही आठवत नही." पारसशेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वय झालं तोतारामभाऊ, म्हणाला. सोमवारपासून जळगावच्या गोदामावर या, गेटवर बसा, तिथे आराम आहे. त्याने हे इतक्या मायेने सांगितलं की त्यात बोलायला जागाच राहिली नाही.

अभिमनला त्या वेळी बोलता आलं असतं. तो पुढचे चार दिवस स्वतःला हेच विचारत होता, आणि त्याला दरवेळी एकच उत्तर मिळत होतं, की बोलता आलं असतं. सकाळी त्याने अंगठा फिरवला तेव्हा त्याला भोक लागलं नव्हतं आणि पिनही लागली नव्हती. काहीच लागलं नव्हतं. अंगठ्याच्या जागी कुणा दुसऱ्याचा अंगठा बसवल्यासारखं झालं होतं. तो हलत होता, वाकत होता, पण बातमी आणत नव्हता. आणि हे काही त्या सकाळचं नव्हतं. थंडीत बोटं टोकापासून पांढरी पडायची हे तर पाच-सात वर्षांचं, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. शेकली, चोळली की पुन्हा रंगावर यायची. ब्रेकर धरणाऱ्या निम्म्या माणसांचं असंच असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही, जसं टक्कल पडण्यावर कुणी बोलत नाही. पण या दिवाळीत तो गावी गेला होता आणि चुलीवरचा तवा त्याने सहज उचलून खाली ठेवला. त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिने वळून पाहिलं. "तुमना हात शे का सांडशी?" म्हणत ती हसली, मग तिने त्याचा हात उलटा करून पाहिला आणि हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी त्याच्या सदऱ्याची गुंडी तिनेच लावली. त्याने लावून घेतली. तीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको एकमेकांना असं पुष्कळ काही न बोलता देतात.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पारसशेठने सगळ्यांना जळगावच्या गोदामात बोलावलं होतं. एक बाई आल्या होत्या, हवेवर चालणारी अवजारं कशी वापरायची ते सांगायला. बाई तरुण होत्या, पण बोलणं ठाम. पाइप दुमडून हवा अडवू नका, चावी बंद करा. जोड उघडण्याआधी आत कोंडलेली हवा आधी जाऊ द्या. हवेचा झोत अंगावरची धूळ झटकायला घेऊ नका, ती कातडीखाली शिरते. जोडाला साखळी बांधा, म्हणजे सुटला तरी पाइप उसळणार नाही. यातलं निम्मं सगळ्यांना ठाऊक होतं आणि उरलेलं निम्मं ठाऊक असून कुणी करत नव्हतं. धूळ झटकण्याचं ऐकून मागचे लोक हसले, कारण रोज संध्याकाळी तेच चालायचं. शेवटी बाईंनी विचारलं, कुणाची बोटं थंडीत पांढरी पडतात का, बधिर होतात का? हात वर करा, लाजू नका, लवकर कळलं तर काम बदलता येतं. वीस-बावीस माणसं बसली होती. अभिमनच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हाताने धरला तर किती घट्ट धरलाय ते कळत नसे. एकही हात वर झाला नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग भिंतीवर लावलेला कागद काढून गुंडाळला. अभिमनला तो कागद गुंडाळतानाचा आवाजसुद्धा आठवत होता. त्याला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि आता त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्याला किळस येत होती.

आणि तरीही दिवाळीहून परतल्यावर पहिले दोन आठवडे त्याने काळजी घेतली होती, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणायला हवं. अंगठा फिरवताना तो वाकून, चोरून, पिन डोळ्यांनी पाहून घ्यायचा. पण मिस्त्री वाकून पाहायला लागला की माणसं बघतात. एकदा प्रमिलाबाईनेच विचारलं होतं, आबा, काही पडनं का? त्यानंतर तो वाकायचा थांबला. तोतारामच्या हातून पिन कधी राहिलीच नव्हती. तोताराम चुकत नाही यावर भरवसा ठेवून तो हां म्हणत राहिला, आणि अभिमन चुकत नाही यावर भरवसा ठेवून तोताराम हवा सोडत राहिला. असं तेव्हापासून चाललं होतं. त्या गुरुवारी सकाळी तोताराम पिन खिशात टाकून दुसऱ्या कुठल्या कामाला गेला आणि ती लावायची विसरला, बस. असं विसरणं पकडण्यासाठीच तर तो अंगठा होता.

शुक्रवारी अभिमनने ठरवलं की संध्याकाळी सांगायचं. शनिवारी ठरवलं की रविवारी. दोघं देवपूरमध्येच एका खोलीत राहत होते, चटया समोरासमोर. सांगायला काही आडकाठी नव्हती. पण तोताराम आता वेगळाच वागायला लागला होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याने कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, खालची तोटी बंद केली, दहा पावलं गेला आणि परत येऊन विचारू लागला, "मी बंद करी ना रे? देख बरं." अभिमनने पाहिलं, बंद होती. शनिवारी खोलीला कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेल्यावर तो दोनदा मागे फिरला. जेवताना मधेच थांबून म्हणाला, "मीठ टाकं का मी?" आणि अभिमनने टाकं म्हणून सांगितल्यावर मगच पुढचा घास घेतला. तोतारामचा थोरला भाऊ भटू असाच गेला होता. आधी तोट्या, मग कुलपं, मग एक दिवस धुळ्याच्या बसस्टँडवर सापडला आणि आपलं नाव त्याला सांगता येईना. शेवटची दोन वर्षं तो सुनेला आई म्हणायचा. तोताराम हे सगळं कधी बोलला नव्हता, पण अभिमन त्या मरणाला गेला होता, त्याला ठाऊक होतं. आता तोताराम रात्री पडल्यापडल्या पुटपुटत असे, आज काय काय केलं ते ओळीने, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं. अभिमन समोरच्या चटईवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला वाटायचं, हा माणूस स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या अंगठ्यावर जास्त विश्वास ठेवतोय. मग तो हेही ताडून बघायचा की सांगितलं तर आपलं काय जाईल. मिस्त्रीपण जाईल. ब्रेकर धरवत नाही, जोड तपासता येत नाही, मग उभं तरी कशासाठी करतील? गेटवर तोतारामच्या जागी आपण बसू. एवढंच. पण ते एवढंच त्याला छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि तोताराम पुटपुटत होता, आणि तो ऐकत होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटत असूनही माणूस गप्प राहू शकतो, हे त्याला त्या दोन रात्रींत नीट कळलं.

रविवारी दुपारी तोतारामने औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कात्रीने चौकोनी कापला आणि पेनासकट अभिमनपुढे ठेवला.

"लिखी दे. मन्हं नाव, गाव, अन् तुना फोन नंबर. मन्हं अक्षर वाकडं शे."

"कशाले?"

"खिसामा राहू दे. भटूनाबी खिसामा व्हतं. बरं पडस."

अभिमनने पेन उचललं. थंडी होती, खोलीत ऊन येत नव्हतं, बोटं पेरापर्यंत पांढरी झाली होती. त्याने ‘तो’ या अक्षराची काठी ओढली आणि पेन निसटून चटईवर पडलं. उचलून पुन्हा धरलं. या वेळी त्याने बोटांकडे नीट पाहत धरलं, तरी दुसरं अक्षर पुरं व्हायच्या आत ते पुन्हा घरंगळलं.

"काय रे, हात कापस?"

"कापत नही," अभिमन म्हणाला. "समजत नही." मग त्याने पेन उचललंच नाही. "तोताराम, मन्हा अंगठाले काहीच समजत नही. त्या दिनले पिन शे का नही ते माले समजनं नही. मी उगाच हां म्हणनू."

तोताराम पुढे वाकला. "म्हणजे पिन नव्हतीच?"

"नव्हतीच. तू खिसामा ठेवी अन् लावाले इसरना."

"मी काढी नही."

"नही."

"मी फक्त इसरनू."

"फक्त इसरना."

आणि तोताराम हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फक्त इसरनू, फक्त इसरनू, असं तो स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाला, मांडीवर थाप मारून. अभिमनने त्याला इतकं खूश फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर त्याला वाटलं की संपलं, निभावलं. मग तोतारामने गमछ्याने डोळे पुसले. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

"कव्हयपासून?"

"दिवाळीपासून."

तोताराम काही मोजत असावा. ओठ हलत होते. "प्रमिलाबाई रोज तठेच बसस," तो म्हणाला.

अभिमनने दोन्ही हात काखेत घातले.

"अन् मी चार दिन मन्हं डोकं गयं समजी राहिंतू. तू समोर झोपेल व्हता. तुले माहीत व्हतं."

"माहीत व्हतं."

तोताराम उठला, बाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला. दोनच शर्ट होते, पण तो बराच वेळ आला नाही. तेवढ्यात अभिमनने पारसशेठला फोन लावला. नंबर दाबायला त्याला तीन खेपा लागल्या. सांगायला मात्र दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पलीकडून पारसशेठ म्हणाला, "आबा, हे आधी सांगायचं होतं. बरं, असू द्या. तोतारामभाऊ तिथेच राहू देत. उद्या सकाळच्या गाडीबरोबर साखळ्या पाठवतो, प्रत्येक जोडाला बांधून घ्या, आणि तपासायचं आता तोतारामभाऊंनी. तुम्ही हात डॉक्टरला दाखवा. काम जात नाही तुमचं, साइटवर जाणतं माणूस लागतंच." एवढंच. तीन महिने ज्या गोष्टीला तो भ्याला ती गोष्ट पाहायला गेलं तर इतकी स्वस्त होती. हे कळल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला वाटलं की किंमत बरीच असती तर बरं झालं असतं, निदान गप्प राहण्याला काही कारण तरी मिळालं असतं. तोताराम शर्ट घेऊन आत आला तेव्हा अभिमनने त्याला शेठचा निरोप सांगितला. तोताराम बरं म्हणाला, शर्टांच्या घड्या घातल्या, कांदा चिरायला घेतला. मीठ टाकलं की नाही हे त्याने विचारलं नाही. त्या रात्री तो पुटपुटलाही नाही, पडल्याबरोबर झोपला, आणि अभिमन त्याचा शांत श्वास ऐकत पडून राहिला.

सोमवारी सकाळी साखळ्या आल्या. तोतारामने पाइप पसरले, जोड पिळले, पिना घातल्या, साखळ्या अडकवल्या. मग तो कॉम्प्रेसरकडे गेला आणि अभिमनला वाटलं की आता तो चावीवर हात ठेवून नेहमीसारखा त्याच्याकडे बघेल. तोतारामने कॉम्प्रेसरच्या पेटीतून एक चष्मा काढला, एका काडीला दोरा बांधलेला, आणि तो डोळ्यांवर चढवून पहिल्या जोडापाशी आला. गुडघे टेकून बसला. पिनेकडे पाहिलं, ती हलवून पाहिली, साखळी ओढून पाहिली. उठला. दुसऱ्या जोडापाशी पुन्हा गुडघे टेकले. त्याला उठायला वेळ लागत होता, एक हात जमिनीवर ठेवावा लागत होता, आणि हे सगळं तो रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ब्रेकर धरून थांबलेल्या माणसांसमोर, कसलीही घाई न करता करत होता. प्रमिलाबाई रिकामं घमेलं घेऊन तिच्या जागेकडे निघाली होती. तोतारामने तिला हाताने थांबवलं आणि पाइपापासून चांगली वीस हात लांबची, आडोशामागची जागा दाखवली. "आजपाईन तठे बस," तो म्हणाला. तिने काबरं म्हणून विचारलं नाही. गेली आणि बसली.

अभिमन चौथ्या जोडापाशी उभा होता. तीस वर्षं तो इथेच उभा राहत आला होता, शेवटच्या जोडाशी, हात वर करायला. पाय आपोआप तिथे आले होते. तोताराम तिसरा जोड पाहून उठला, गुडघ्यांवरची माती न झटकता सरळ त्याच्यासमोर आला आणि थांबला. चष्म्याआडून त्याचे डोळे मोठे दिसत होते. त्यांत राग नव्हता. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं ते फक्त पाहत होते. जोड अभिमनच्या पायाशी होता आणि अभिमन मधे येत होता.

"बाजू सरक," तोताराम म्हणाला.

अभिमन बाजूला झाला.